नवं सिम घातलं आणि दुसऱ्याचं घर उघडलं: मॅचच्या ॲपचं एक प्रकरण

केज तालुक्यातल्या एका गावात माझं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, सिम, डिस्प्ले बदलणं, पीकविम्याचे फॉर्म, सगळंच चालतं. कारखान्यांचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीची लोकं गावात परत आली त्या आठवड्यात दुकानात एक प्रकार घडला आणि तो निस्तरायला मला जवळजवळ महिना लागला, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. ज्यांचं प्रकरण आहे त्यांना विचारलंय, ते म्हणाले लिहा पण नाव नको, म्हणून त्यांना नुसतं मामा म्हणतो.

मामा-मामींचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, दरसाल कऱ्हाडकडं जातो. मागल्या सालच्या हंगामात मामांचा फोन फडात पडला, पाचटात गेला का गाडीत उसाखाली गेला, सापडलाच नाही, आणि दोघांत एक फोन पुरतोय म्हणून मामा तो नंबर परत चालू करायच्या भानगडीत पडलेच नाहीत. मामींच्या नंबरवर वर्ष काढलं. यंदा मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटून चार पैसे हातात राहिले म्हणून नवा फोन घेतला, नवं सिम घेतलं, आणि पोरानं हट्ट करून असं रिचार्ज मारायला लावलं की ज्याच्यात मॅच बघायचं ॲप सोबत मिळतं.

थंब झाला, केवायसी झाली, थोड्या वेळानं सिम चालू झालं. पोरानं दुकानातच ॲप टाकलं, नंबर टाकला, ओटीपी आला, तो टाकला. आणि ॲप उघडलं ते कोरं नव्हतंच.

चार गोल चित्रं आली. एकाखाली पुरुषाचं नाव, दुसऱ्याखाली नुसतं 'आई', तिसऱ्याखाली एका मुलीचं नाव आणि कार्टूनचं चित्र, चौथ्याखाली 'पाहुणे'. पोरानं पहिल्यावर बोट ठेवलं तर अर्धवट बघितलेल्या मॅचची रांगच लागली, कबड्डी, मग फुटबॉल, मग परत कबड्डी, आणि प्रत्येकीखाली ती बारीक पट्टी, कुठवर बघून झालं ते दाखवणारी. खात्याच्या पानावर गेलो तर अर्धा झाकलेला ईमेल, प्लॅन परत कधी कटणार ती तारीख, आणि लॉगिन असलेल्या फोन-टीव्हीची यादी. त्यातल्या टीव्हीपुढं लिहिलेलं, आत्ता चालू आहे.

मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "भाऊ, हे तर कुणाचं तरी घर उघडलं की."

मी दहा-बारा वर्षं या धंद्यात आहे, पण याच्यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. तिकडं कुणीतरी बैठकीत बसून मॅच बघायलंय, पोरगी असल तिथं, आणि हिकडं केज तालुक्यातल्या एका दुकानात आम्ही तिघं त्यांच्या घरात उभे.

झालं काय ते मला लगेच कळलं. नंबर जुना होता. आपण सिम घेतो ते नवं असतं, पण नंबर नवाच असल असं नाही. एखादा नंबर ९० दिवस वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झाल्यावर निदान ९० दिवस तो दुसऱ्या कुणाला देत नाही, तेवढे दिवस गेले की परत बाजारात येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात याच्यावर सुनावणी झाली होती, तिथं ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, हे ९० दिवसांचं सांगितलं होतं, आणि कोर्टाचं म्हणणं पडलं की आपली माहिती जपायची काळजी जुन्या ग्राहकानं घ्यावी, व्हॉट्सॲप वगैरे आधी डिलीट करावं. कोर्टाचा मान राखून सांगतो, मला हे पटलेलं नाही. ज्याचा फोन फडात हरवला तो माणूस कोयता खाली ठेवून कुठल्या ॲपमधून कुठला नंबर काढणार आहे? त्याला तर नंबर कधी बंद झाला हेच माहीत नसतं.

आणि नंबर गेला तरी त्या घरचा टीव्ही बंद पडत नाही, हे महत्त्वाचं आहे. टीव्हीवर एकदा लॉगिन झालं की ते महिनोन्‌महिने तसंच राहतं, ओटीपी परत मागत नाही, पैसे त्यांच्या यूपीआयवरून ऑटोपेनं कटत राहतात. म्हणजे त्या घराला काही बिघडल्याचा पत्ताच लागत नाही. त्यांच्या दृष्टीनं सगळं सुरळीत आहे, फक्त दाराची दुसरी किल्ली कंपनीनं मामांच्या हातात दिलेली आहे.

पोरगं म्हणलं, "चालू द्या की दादा, पैसे त्यांचे कटतेत, आपल्याला फुकट हाय." मामांनी त्याच्याकडं असं बघितलं की ते गप झालं. थोड्या वेळानं परत म्हणलं, "पण दादा, मॅचच तर बघितल्यात, त्याच्यात लपवायसारखं काय हाय?"

हा प्रश्न मला दुकानात लई जण विचारतात, म्हणून जरा थांबून सांगतो. मी त्याला तीच रांग दाखवली. पोटापाण्याचा माणूस रात्री दीडला फुटबॉल बघतो म्हणजे त्याची पाळी कधीची असल, याचा अंदाज येतो. मुलीचं कार्टून रोज दुपारी चालू होतं म्हणजे शाळा कधी सुटते ते कळतं. मधले चार दिवस कुणीच काही बघितलं नाही, म्हणजे घर बंद होतं. यातलं एकही वाक्य त्या घरानं कुणाला सांगितलेलं नाही, पण परका माणूस पाच मिनिटांत वाचू शकतो. आणि आपण जे बघितलं ते तर नुसतं वरवरचं, कंपनीकडं फोनचं मॉडेल, आयपी ॲड्रेस, साधारण गाव कुठलं, कुठली जाहिरात दाबली, कुठं मॅच बंद केली, हे सगळं साठलेलं असतं. अमेरिकेत १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क म्हणून एका न्यायाधीशाचं नाव तिथल्या सुप्रीम कोर्टासाठी पुढं आलं होतं, तेव्हा एका पेपरवाल्यानं व्हिडिओच्या दुकानातून त्याच्या घरी भाड्यानं नेलेल्या कॅसेटची यादी मिळवून छापली. यादीत वावगं काहीच नव्हतं, साधे पिक्चर होते. तरी तिथल्या पुढाऱ्यांना घाम फुटला आणि दुसऱ्याच वर्षी, १९८८ ला, माणूस काय बघतो ते परवानगीशिवाय बाहेर द्यायचं नाही असा कायदाच झाला. कॅसेटच्या दुकानदाराला जे तेव्हा बंधन घातलं, ते आपल्या मॅचच्या ॲपला आज नको का?

मी ॲपमधून लॉगआऊट केलं. 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआऊट' असं पण एक बटन होतं, ते मुद्दाम दाबलं नाही, कारण ते दाबलं तर तिकडचा टीव्ही बंद पडला असता आणि परत चालू करायला ओटीपी आला असता मामांच्या फोनवर. म्हणजे ज्याचं घर तोच बाहेर राहिला असता. स्क्रीनशॉट एकच काढला, नावं बोटानं काळी करून, आणि पोराला सांगितलं ती नावं विसरून जा.

मग सुरू झाली कस्टमर केअरची वारी. पहिले दोन दिवस नुसता चॅटचा रोबोट, तो 'तुमची अडचण निवडा' म्हणतो आणि आमची अडचण त्याच्या यादीतच नाही. तिसऱ्या दिवशी माणूस लागला. बोलायला नम्र होता बिचारा, त्याचा दोष मी धरत नाही, पण त्याच्या पुढच्या कॉम्प्युटरला मामा म्हणजेच खातेदार दिसत होते. मी म्हणतोय साहेब हे खातं आमचं नाही, तो म्हणतोय सर तुमचा रजिस्टर नंबर मॅच होतोय. असं चार वेळा झालं. शेवटी त्यानं मार्ग सुचवला, "सर, तुम्हाला नको असेल तर मी अकाउंट कायमचं डिलीट करून देऊ का, फक्त आलेला ओटीपी सांगा."

मी फोन हातात धरून तसाच बसलो. एका अनोळखी घराचं पैसे भरलेलं खातं, त्यांच्या पोरीच्या प्रोफाइलसकट, मामांनी हो म्हणलं असतं तर एका मिनिटात पुसलं गेलं असतं. आणि ज्याच्या मनात वाईट असतं त्यानं पुसण्याच्या जागी अजून काहीही केलं असतं. नंबर म्हणजेच माणूस असं धरून ही सगळी सिस्टीम उभी आहे. ओटीपीनं एवढंच कळतं की हे सिम आत्ता कुणाच्या हातात आहे, तो माणूस कोण हे ओटीपीला काय माहीत?

मामांनी मान हलवून नको म्हणलं. "दुसऱ्याचं मोडायचा आपल्याला काय अधिकार," एवढंच.

त्या रात्री मामा दुकान बंद करायच्या टायमाला परत आले. कट्ट्यावर बसले, काही बोलेनात. मग म्हणाले, "भाऊ, त्याचं घर आपल्याकडं उघडलं. मंग आपलं कुणाकडं उघडलंय?"

खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

मामांचा तो फडात गेलेला जुना नंबर. पोराला बोलावून विचारलं तर त्यानं दोन वर्षांखाली त्याच नंबरवर मॅचचं ॲप घेतलेलं, केजला आत्याच्या घरच्या टीव्हीवर लॉगिन केलेलं, आणि वर्षाचा प्लॅन त्याच्या यूपीआयवरून ऑटोपेला लावलेला. मागल्या साली पैसे कटले पण होते, ते हंगामात होते, मेसेज आला असल तर कुणी वाचला. आत्याच्या टीव्हीवर आजबी मॅच चालू. म्हणजे तिकडच्या घराचं जे, तेच मामांच्या घराचं.

आम्ही जुना नंबर लावला. एका बाईंनी उचलला, बोली वऱ्हाडी. मी नाव-गाव सांगून हळूच विषय काढला तर त्या आधी हसल्याच नाहीत, चिडल्या. म्हणाल्या सहा महिने झाले हे सिम घेऊन, दिवसाआड कुण्या मुकादमाचा फोन येतो, उचल घेतली आणि फोन का उचलत नाही म्हणून शिव्या देतो, बँकेचे मेसेज येतात, आणि हो, मॅचच्या ॲपमध्ये 'पप्पा' आणि 'भैय्या' असं काहीतरी उघडलं होतं, लेकरं त्याच्यातच बघतात. मामा ऐकत होते. मुकादमाचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. आपल्या उचलीच्या शिव्या यवतमाळकडच्या की कुठल्या एका परक्या बाईनं ऐकल्या, हे त्यांना मॅचपेक्षा लई लागलं. "ताई, माफ करा," म्हणाले, तीनदा म्हणाले.

मग अडचण अशी झाली की खात्याला ईमेल जोडलेलाच नव्हता, फक्त नंबर. नंबर बदलायचा तर ओटीपी जाणार त्या ताईंच्या फोनवर. मी विचारलं, तर त्या स्पष्ट म्हणाल्या, "ओटीपी मी कोणाले सांगत नाही, तुमी कोण आहा मले काय माहीत." मला त्यांचा राग आला नाही. मी स्वतः दुकानात पाटी लावलेली आहे की ओटीपी कुणाला सांगू नका, आणि कुणी फसवलं तर लगेच १९३० ला फोन करा. ताईंचं बरोबरच होतं. चूक होती ती ज्यानं घराला एकच कुलूप ठेवलं आणि त्याची किल्ली दर वर्षी दुसऱ्याला जाऊ दिली त्याची.

पैशाचं मात्र आपल्या हातात होतं. ऑटोपे हे देणाऱ्याच्या यूपीआय ॲपमधूनच बंद करता येतं, मॅचच्या ॲपात जावंच लागत नाही. पोराच्या फोनमध्ये मँडेट किंवा ऑटोपे म्हणून पान आहे तिथं जाऊन रद्द केलं, दोन मिनिटांचं काम. बँकेतला नंबर दुसऱ्या दिवशी केजला जाऊन बदलला, आधारला नवा नंबर जोडला, आणि संचार साथी या सरकारी साइटवर मामांच्या नावावर किती सिम चालू आहेत ते पण बघितलं, जुनं नव्हतं त्यात.

इथं एक गोष्ट मला फार डाचली ती लिहितो. यूपीआयला ही अडचण माहीत आहे. बंद झालेल्या नंबरांची एक यादीच असते, आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं बँकांना आणि यूपीआय ॲपवाल्यांना एप्रिल २०२५ पासून दर आठवड्याला ती यादी बघून आपलं रेकॉर्ड सुधारायला लावलंय. म्हणजे नंबर एकाकडून दुसऱ्याकडं गेलाय हे कळायची सोय देशात आहे. मग मॅचच्या ॲपला ती यादी बघायला काय हरकत आहे? बरं यादी नका बघू, दोन वर्षं एकाच टीव्हीवर चालणारं खातं अचानक नव्या फोनवर, नव्या गावात उघडलं, तर निदान त्या टीव्हीवर एक चौकट दाखवा की तुमच्या खात्यात कुणीतरी शिरलंय, तुम्हीच का? किंवा आधी कोरं खातं उघडा आणि जुनं दाखवायच्या आधी ईमेलवर विचारा. पैशाला पहारा आहे, घराला नाही, असं झालंय हे.

तिसऱ्या आठवड्यात मी ॲपच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याला मेल लिहिला, मराठीत लिहिला आणि खाली इंग्रजीत केला. त्यात तीनच गोष्टी मागितल्या: मामांचा नवा नंबर त्या खात्यापासून तोडा, त्या घराला त्यांच्या ईमेलवर कळवा की तुमचं खातं अमुक तारखेला परक्याला दिसलं, आणि मामांच्या जुन्या खात्यातली माहिती पुसा. मेलमध्ये कायद्याचं पण घातलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याच्यात चुकून माहिती परक्याला उघडी पडली तरी ती डेटाची गळतीच धरलेली आहे, आणि ज्याची माहिती गेली त्याला कळवायचं काम कंपनीचं आहे. १८ वर्षांखालच्या लेकरांचा माग काढणं, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवणं याला तर त्यात सरळ मनाई आहे, म्हणून ती कार्टूनवाली प्रोफाइल मी वेगळी लिहिली. सुरक्षेची व्यवस्था न ठेवल्याबद्दल दंड २५० कोटींपर्यंत आहे. पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिली, म्हणजे २०२७ चा मे उजाडणार. तोवर कायदा आपल्या बाजूनं आहे पण त्याचा हात अजून पुरता पोचत नाही, हे मामांना सांगताना मला वाईट वाटलं.

अकराव्या दिवशी उत्तर आलं, चार ओळींचं. तुमचा नंबर संबंधित खात्यापासून काढला आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्या घराला कळवलं का नाही, त्याबद्दल अक्षर नाही. मी परत विचारलं, तर 'गोपनीयतेच्या कारणास्तव दुसऱ्या ग्राहकाची माहिती देता येत नाही' असं आलं. बरोबर आहे म्हणा, मला सांगू नका, पण त्यांना सांगा ना. आजपर्यंत मला माहीत नाही की त्या माणसाला, त्या 'आई'ला कळलंय का की महिनाभर त्यांच्या बैठकीचं दार उघडं होतं.

जुन्या खात्याचं काम शेवटी ताईंनीच केलं. माझं बोलणं ऐकून त्यांचा विश्वास बसला नाही, पण मामी बोलल्या, बायका-बायका अर्धा तास बोलल्या, ऊस, लेकरं, पाऊस सगळं. दुसऱ्या दिवशी ताईंनी आपणहून दोन्ही प्रोफाइल पुसल्या, खातं बंद केलं आणि तसा फोटो पाठवला. केजला आत्याच्या टीव्हीवर त्याच संध्याकाळी लॉगिनचं पान आलं, आत्याचा फोन आला की टीव्ही बिघडला. कंपनीचं काम दोन अनोळखी घरांनी फोनवर बोलून केलं.

पोराच्या फोनमधल्या परवानग्या पण मी तेव्हाच बघितल्या. मॅच बघायला माइक आणि लोकेशन कशाला लागतं? त्याला स्पेनचं सांगितलं: तिथल्या ला लिगा फुटबॉल लीगचं ॲप लोकांच्या फोनचा माइक आणि लोकेशन वापरून कुठल्या बारमध्ये चोरून मॅच दाखवतात ते शोधायचं, आणि २०१९ मध्ये तिथल्या डेटा खात्यानं अडीच लाख युरोचा दंड ठोकला, लीगवाल्यांना तो मान्य नव्हता ते वेगळं. पोरानं तिथल्या तिथं दोन्ही बंद केलं. मॅच चालूच राहिली.

आता दुकानात कुणी नवा नंबर घेतला की मी त्यांच्यासमोर आधी मॅचचं आणि बाकी दोन-तीन ॲप उघडून बघतो की खातं कोरं आहे का. आणि दसऱ्याला टोळ्या निघायच्या आधी जे कोण सिम बंद ठेवणार म्हणतात त्यांना वहीत लिहून घ्यायला लावतो की हा नंबर कुठं कुठं दिलाय, बँक, आधार, गॅस, मॅचचं ॲप, आणि प्रत्येक खात्यात एक ईमेल घालून देतो, म्हणजे नंबर गेला तरी एक दार आपल्याकडं राहतं.

मामांचं नवं खातं परवा उघडलं. कोरं होतं. प्रोफाइलला नाव काय टाकू म्हणून ॲपनं विचारलं, वय विचारलं, बाई का पुरुष विचारलं. पोरगं 'पप्पा' टाइप करायला लागलं तर मामांनी त्याचा हात धरला.

"रिकामं ऱ्हाऊ दे," म्हणाले. "ह्यो नंबरबी कवा तरी दुसऱ्याच्या हातात जाईल."